रंगमंचाखालचे परीक्षक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लाकडी तळव्यांचे बूट घालून नाचण्याच्या चढाओढी लागत. त्यांचे परीक्षण करण्याची पद्धत मोठी विलक्षण होती. एक परीक्षक प्रेक्षकांत बसून नाचणाऱ्याची ढब आणि तोल पाही. दुसरा विंगेत बसे. आणि काही चढाओढींत तिसरा परीक्षक चक्क रंगमंचाच्या फळ्यांखाली जाऊन बसे. त्याला नाचणारा दिसतच नसे. डोक्यावरच्या फळीवर पडणारा ठोका स्वच्छ आहे का, लयीत आहे का, एखादा गाळला तर नाही ना, एवढेच तो कान देऊन ऐके. नाचणारा गोरा की काळा, तरुण की म्हातारा, हसतो आहे की घाबरला आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

बिल रॉबिन्सन या टॅप नर्तकाचा मी गेली काही वर्षे मागोवा घेतो आहे. त्याच्याबद्दल अमेरिकेने दोन निकाल दिले. पहिला, टॅप नृत्यातला सर्वांत मोठा माणूस. दुसरा, गोऱ्यांना खूश ठेवण्यासाठी आयुष्यभर दात दाखवून हसलेला नोकर. दुसरा निकाल देणाऱ्यांत त्याच्याच समाजातली मोठी माणसे होती, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण दोन्ही निकाल समोरच्या खुर्चीतून दिलेले आहेत, असे मला वाटते. फळ्यांखालच्या परीक्षकाला फारसे कोणी विचारलेले नाही.

रॉबिन्सनचा जन्म २५ मे १८७८ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात झाला. यादवी युद्ध संपून जेमतेम तेरा वर्षे झाली होती आणि रिचमंड ही त्या युद्धात हरलेल्या दक्षिणेची राजधानी होती. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवले. ही आजी स्वतः गुलामगिरीत राहिलेली. मुलाचे नाव ल्यूथर होते. ते त्याला आवडत नव्हते, म्हणून त्याने धाकट्या भावाचे ‘बिल’ हे नाव सरळ स्वतःला घेतले, असे सांगतात. बिअरच्या बागांमध्ये आणि रस्त्यावर नाचून तो पैसे गोळा करी. पुढे मोठ्या गायिका-नटींच्या मागे लहान काळी मुले नाचवण्याची प्रथा होती, त्या ताफ्यात तो शिरला. रीतसर गुरू त्याला कधीच नव्हता.

ज्या नाचात तो शिरला, त्याचे मूळ इथेच सांगायला हवे. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. उठाव करणारे ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी त्या वसाहतीने केलेल्या कायद्यात गुलामांना ढोल आणि शिंगे बाळगायला बंदी घातली. ढोल गेला तेव्हा लय हात, मांड्या आणि पाय यांच्याकडे आली, असे टॅपचे इतिहासकार सांगतात. पुढे न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्ससारख्या गरीब वस्तीत आयरिश स्थलांतरित आणि स्वतंत्र काळी माणसे एकाच गल्लीत राहू लागली. आयरिश जिग, लँकेशरच्या गिरण्यांतून आलेला क्लॉग आणि आफ्रिकी पायांची लय यांची तिथे सरमिसळ झाली. चार्ल्स डिकन्सने १८४२ मध्ये तिथे एका काळ्या पोराचा नाच पाहिला आणि आपल्या अमेरिकेवरच्या पुस्तकात त्याचे वर्णन केले. तो पोरगा म्हणजे पुढे ‘मास्टर ज्यूबा’ या नावाने गाजलेला विल्यम हेन्री लेन, असे मानतात. टॅपच्या नोंदलेल्या वंशावळीचा तो पहिला पुरुष.

रॉबिन्सनचे नाव झाले ते अशाच एका चढाओढीत. ‘इन ओल्ड केंटकी’ नावाचे नाटक त्या काळी गावोगाव फिरे आणि त्याच्या मुक्कामात नाचाची स्पर्धा होई. मार्च १९०० मध्ये ब्रुकलिनच्या बिजू थिएटरात या नाटकातला मुख्य नर्तक हॅरी स्विंटन याला रॉबिन्सनने आव्हान दिले आणि हरवले. वय बावीस देखील पूर्ण नव्हते.

त्यानंतरची बारा-चौदा वर्षे तो व्होडव्हिलमध्ये होता. व्होडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नकला, कसरती, जादू असा मिश्र खेळ. त्यात एक अलिखित नियम होता: काळ्या कलाकाराने एकट्याने रंगमंचावर यायचे नाही, दोघे तरी हवेत. एकटा काळा माणूस शेकडो गोऱ्यांकडे पाहत उभा आहे, हे दृश्यच थिएटरवाल्यांना झेपत नव्हते. रॉबिन्सनने १९०२ पासून जॉर्ज कूपर याच्याबरोबर जोडी केली. ती मोडल्यावर, १९१४ च्या सुमारास, मार्टी फोरकिन्स या व्यवस्थापकाच्या जोरावर तो एकटा उभा राहिला. दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. तेव्हा काळ्या कलाकारांनाही जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ पांढरे रंगवून उभे राहावे लागे. बर्ट विल्यम्ससारखा थोर विनोदी नट आयुष्यभर तसाच उभा राहिला. रॉबिन्सन मात्र स्वतःच्या चेहऱ्याने उभा राहिला. असे करणाऱ्या पहिल्या काही काळ्या कलाकारांत त्याची गणना होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आता पायांविषयी. रॉबिन्सन बुटांना धातूच्या पट्ट्या लावत नसे. त्याच्या बुटाच्या पुढच्या भागाला लाकडाचा अर्धा तळवा असे, तो एका बाजूने थोडा सैल सोडलेला, आणि टाचही लाकडी. धातूच्या आवाजाला एक खणखणीत कोरडेपणा असतो. लाकडाचा आवाज गोलसर आणि थोडा उबदार येतो. त्याच्याआधीचे बहुतेक नर्तक सपाट पावलाने, जमिनीला चिकटून नाचत. त्याने सगळा नाच उचलून चवड्यांवर आणला. कमरेच्या वरचा देह जवळजवळ स्थिर, हात सैल, डोक्यावर तिरकी टोपी, आणि ठोका पडताना पाऊल फळीपासून इंचभरही उचललेले दिसत नाही. शफल म्हणजे पुढे घासून मागे घासण्याचा, दोन आवाजांचा साधा पदन्यास. कुठल्याही वर्गात तो पहिल्या दिवशी शिकवतात. रॉबिन्सनच्या पायांत तो इतका समान वजनाचा होई की दोन्ही आवाज एकाच साच्यातून काढल्यासारखे येत. त्याचे पदन्यास फार अवघड नव्हते, असे त्याचे प्रतिस्पर्धी म्हणत, आणि ते खोटे नाही. अवघड होती ती स्वच्छता. आपल्याकडे कथकात नुसता तत्कार ऐकून नर्तकाची तयारी ओळखणारे रसिक असतात. त्यांना हे जास्त सांगायला नको.

१९१८ च्या आसपास न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात त्याने पायऱ्यांवरचा नाच आणला. पाच पायऱ्या वर, पाच खाली, असा लाकडी जिना. तो स्वतःचा जिना बरोबर घेऊन फिरे. प्रत्येक पायरीचा नाद वेगळा. म्हणजे हा जिना नसून पायांनी वाजवायचे वाद्यच होते. हा नाच कसा सुचला, याच्या त्याने आयुष्यभर वेगवेगळ्या कथा सांगितल्या. एका कथेत इंग्लंडच्या राजाने आपल्याला सरदारकी दिल्याचे स्वप्न पडले आणि राजापर्यंत जाण्याच्या पायऱ्या आपण नाचत चढलो, असे होते. वस्तुस्थिती अशी की त्याच्याआधीही काही व्होडव्हिल कलाकारांनी जिना वापरला होता. त्याने जिन्याचे वाद्य केले.

मग नकला सुरू झाल्या. रॉबिन्सनने वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयाकडे या नाचाचे पेटंट मागितले आणि ते नाकारले गेले, ही हकिकत त्याच्या चरित्रांत येते. वाचताना हसू येते, पण त्या माणसापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? अमेरिकेत नृत्यरचनेला कॉपीराइटच्या कायद्यात स्वतःच्या नावाने जागा मिळाली ती १९७६ च्या कायद्याने. त्याआधी १९५२ मध्ये हान्या होम हिने ‘किस मी, केट’ या नाटकातली नृत्ये लाबानच्या लिपीत लिहून नोंदवली, ती मोठी बातमी ठरली होती. ज्या नाचाला लिपी नाही, तो कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. फ्रेड स्टोन या गोऱ्या नटाने हा जिन्याचा नाच केल्यावर रॉबिन्सनला चेक पाठवला, असे सांगतात. बाकीच्यांनी चेक पाठवल्याचे ऐकिवात नाही.

नर्तकांचा स्वतःचा कायदा मात्र होता. हार्लेममध्ये लाफायेत थिएटरजवळ हूफर्स क्लब नावाची एक खोली होती. तिथे दिवसरात्र नर्तक एकमेकांना आव्हान देत. तिथला दंडक असा की दुसऱ्याचा पदन्यास जसाच्या तसा उचलायचा नाही. उचला, पण त्यात आपले काही घाला. केंटकीतून आलेला जॉन बबल्स हा तरुण १९२० च्या सुमारास तिथे नाचला आणि हुर्यो होऊन बाहेर पडला. त्याने जाऊन सराव केला, परत आला आणि नाचाचा मोहराच बदलला. रॉबिन्सनने जे चवड्यांवर उचलले होते, त्यात बबल्सने टाचा खाली टाकल्या, लय सावकाश केली आणि मधल्या जागेत जाझच्या ढोलकऱ्यासारखे आडवेतिडवे आघात भरले. आजचे बहुतेक टॅप नर्तक पायांनी बबल्सचे वंशज आहेत. रॉबिन्सनचे भक्त हे मान्य करायला कचरतात, मी कचरणार नाही. पण बबल्सला टाच टाकायला जी मोकळी जागा मिळाली, ती रॉबिन्सनने चवड्यांवर चढून करून दिली होती.

ब्रॉडवेच्या गोऱ्या समीक्षकांना रॉबिन्सनचा शोध लागला १९२८ मध्ये, ‘ब्लॅकबर्ड्स ऑफ १९२८’ या खेळात. तेव्हा तो पन्नाशीचा होता आणि किमान पस्तीस वर्षे रंगमंचावर होता. पुढच्याच वर्षी या खेळातले ‘डूइन द न्यू लो डाउन’ हे गाणे ब्रन्सविक कंपनीने त्याच्याकडून ध्वनिमुद्रित करून घेतले. साथ आयर्विंग मिल्सच्या वाद्यवृंदाची. गाणे त्याचेच, आणि त्याच तबकडीत नाचही त्याचाच. नाचाची ग्रामोफोन तबकडी! तबकडीवर फक्त पाय ऐकू येतात. माझ्या संग्रहात तिची पुनर्मुद्रित प्रत आहे. ती लावली की आपण अलगद फळ्यांखाली जाऊन बसतो. पाय गाण्याच्या चालीला धरून चालतात, मग तिच्या मात्रांच्या मधे शिरतात, आणि ओळ संपता संपता पुन्हा नेमक्या जागी येऊन ठेपतात. धावपळ नाही, दमछाक नाही. एक्कावन्न वर्षांचा माणूस नाचतो आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तबकडीवर मी जास्त विसंबतो, याला आणखी एक कारण आहे. हॉलिवूडच्या संगीतपटांत बुटांचा आवाज बहुतेक वेळा नंतर वेगळा ध्वनिमुद्रित करीत. नर्तकाला पडद्यावर स्वतःला पाहत पुन्हा सगळे पायांनी वाजवावे लागे. म्हणजे चित्रपटात आपण जे ऐकतो ते त्याच क्षणीचे असेलच असे नाही.

तरीही चित्रपटांकडे यायलाच हवे, कारण दुसरा निकाल तिथे लागला. १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’मध्ये तो एका जुन्या दक्षिणी घरातला बटलर आहे. सहा वर्षांची शर्ली टेंपल झोपायला वर जायला तयार नाही, म्हणून तो जिन्यावर नाचून दाखवतो आणि मग तिचा हात धरून तिला वर नेतो. हॉलिवूडच्या पडद्यावर काळ्या आणि गोऱ्या नर्तकाची जोडी एकत्र नाचल्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानतात. ती काळ्या पुरुषाबरोबर एक बालिका असावी, हाच तडजोडीचा अर्थ. तेवढीही काहींना सोसली नाही. दक्षिणेत दाखवताना हात धरण्याचा भाग कापला गेला. टेंपलला शिकवलेही त्यानेच. पुढे दोघे आणखी तीन चित्रपटांत एकत्र आले.

हा प्रसंग पुन्हा पाहावा आणि मग चित्र झाकून ऐकावा. पाहताना एक हसरा नोकर मालकाच्या नातीची मनधरणी करताना दिसतो. ऐकताना एक वादक सापडतो. तो एक छोटा लयबंध मांडतो, पायरी चढताना तो उलटवतो, खाली येताना त्याला उत्तर देतो, आणि मग एका नवशिकीला तोच बंध सोपा करून हातात देतो. दोन्ही खरे आहे. नोकराची भूमिका लिहिणाऱ्याने लिहिली होती; पायांची भूमिका लिहिणारा त्या स्टुडिओत दुसरा कोणी नव्हता. मात्र म्हणून पहिली भूमिका पुसली जाते, असे म्हणण्याइतका भाबडेपणाही बरा नव्हे. लाखो लोकांनी तो हसरा नोकर पाहिला आणि काळा माणूस असाच असतो असे मानून घेतले. त्याच्या टीकाकारांचा राग याचा होता, आणि तो रास्त होता.

त्या काळाचा उफराटेपणा मात्र टीकाकारांच्या नजरेतून बऱ्याचदा निसटतो. १९३६ च्या ‘स्विंग टाइम’मध्ये फ्रेड अस्टेअरने ‘बोजँगल्स ऑफ हार्लेम’ हे नृत्य केले. बोजँगल्स हे रॉबिन्सनचे टोपणनाव. (याच नावाचे ‘मिस्टर बोजँगल्स’ हे १९६८ चे लोकप्रिय गाणे त्याच्यावर आहे असा सार्वत्रिक समज आहे; ते एका गोऱ्या फिरस्त्यावर आहे, जो गीतकाराला न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात भेटला होता.) अस्टेअरने हे अभिवादन तोंडाला काळे फासून केले. पाय तर रॉबिन्सनपेक्षा बबल्सच्या वळणाचे आहेत. तीन वर्षांनी ‘होनोलुलू’मध्ये एलिनॉर पॉवेल या उत्तम नर्तिकेने रॉबिन्सनचा जिना नाचून दाखवला, तोही काळे फासून. ज्या माणसाने काजळी नाकारून स्वतःचा चेहरा रंगमंचावर आणला, त्याचा सन्मान गोऱ्या ताऱ्यांनी तीच काजळी लावून केला. दोघांच्याही हेतूत खोट नव्हती, याचीच अधिक खंत वाटते.

प्रियकराची भूमिका त्याच्या वाट्याला आली १९४३ मध्ये, ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये. कथा सैलपणे त्याच्याच आयुष्यावर बेतलेली. नायिका लीना हॉर्न पंचविशीतली आणि तो पासष्टीचा. या चित्रपटात सर्वांत भाव खाऊन गेला तोही एक जिना, पण त्याचा नव्हे. फेयर्ड आणि हॅरल्ड हे निकोलस बंधू एका अवाढव्य जिन्यावर एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारत, दोन्ही पाय फाकून खालच्या पायरीवर कोसळत आणि हात न टेकता उठत खाली येतात. रॉबिन्सनची पाच पायऱ्यांची नजाकत त्यापुढे साधी वाटते. काळ सरकला होता.

टॅपचाही काळ सरकत होता. १९४३ मध्येच ‘ओक्लाहोमा!’ने ब्रॉडवेवर बॅलेच्या वळणाचे नृत्य आणले. १९४४ मध्ये सरकारने नाचगाणे असलेल्या खाण्यापिण्याच्या ठिकाणांवर ३० टक्के कर बसवला, तो पुढे २० टक्क्यांवर आला. क्लबवाल्यांनी हिशेब केला आणि नर्तकांना काढून नुसती वाद्ये ठेवली. थोर थोर नर्तक हॉटेलांत आणि कारखान्यांत कामाला लागले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी रॉबिन्सन गेला. आयुष्यभरात वीस लाख डॉलरहून अधिक कमावल्याचा अंदाज आहे. जुगार आणि हातचे न राखता वाटणे, या दोन वाटांनी ते गेले. न्यूयॉर्कच्या काळ्या बेसबॉल संघाला आणि काळ्या नटांच्या संघटनेला त्याने उभे राहायला मदत केली होती. अंत्यविधीचा खर्च एड सलिव्हनने केला. हार्लेममधल्या शाळा अर्धा दिवस बंद होत्या आणि रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. चित्रपट समीक्षकांनी ‘गोऱ्यांचा लाडका’ ठरवलेल्या माणसासाठी हार्लेम का उभे राहिले, याचा विचार व्हायला हवा.

पुढच्याच महिन्यात काही नर्तकांनी त्याच्या आठवणीसाठी एक मंडळ काढले. ‘सगळे कसे झकास’ अशा अर्थाचा ‘कोपॅसेटिक’ हा शब्द रॉबिन्सनच्या तोंडी सतत असे. त्यावरून मंडळाचे नाव कोपॅसेटिक्स. चार्ल्स ‘हनी’ कोल्स, चॉली अॅटकिन्स असे नामवंत त्यात होते आणि अध्यक्ष होता ड्यूक एलिंग्टनचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न. नाच विकला जात नव्हता त्या वर्षांत या मंडळींनी तो पायांत जिवंत ठेवला. साठच्या दशकाच्या आरंभी न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात टॅप नर्तक पुन्हा दिसले, वादकांच्या रांगेत. पुढे ग्रेगरी हाइन्सने १९८९ च्या ‘टॅप’ चित्रपटात या म्हाताऱ्यांना एकत्र आणले. त्यात हॅरल्ड निकोलस होता आणि पोरवयाचा सॅव्हियन ग्लोव्हरही. याच ग्लोव्हरने १९९५-९६ मध्ये ‘ब्रिंग इन ’दा नॉइझ, ब्रिंग इन ’दा फंक’मधून गुलामगिरीपासूनचा इतिहास टॅपमध्ये मांडला, आणि त्यात रॉबिन्सन-टेंपल जोडीची बाहुली घेऊन उघड टर उडवली. नातवाने आजोबांवर केलेली टीका म्हणून ती मला मान्य आहे. ज्या पायांनी ती केली, त्यांना चालायला कोणी शिकवले, हेही त्या नातवाला ठाऊक होते.

या वंशाची एक फांदी आपल्या ओळखीच्या अंगणात येते. कोलकात्याहून अमेरिकेत गेलेले कथक गुरू पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांची २००४ मध्ये एका नृत्य महोत्सवात गाठ पडली. त्यातून ‘इंडिया जाझ सूट्स’ हा कार्यक्रम झाला. भारतातही त्याचे प्रयोग झाले. घुंगरू आणि बूट यांची सवालजवाबाची जागा आली की दोघांपैकी एकाच्याही पायाला दुभाष्या लागत नसे. फरक वाटे तो इतकाच की दासांना तोच तुकडा तोंडाने बोल म्हणून सांगता येत असे. टॅपकडे असे बांधीव बोल नाहीत. तिथे शिष्याला गुरूच्या पायाशी कान नेऊनच शिकावे लागते.

अमेरिकी काँग्रेसने १९८९ मध्ये रॉबिन्सनचा जन्मदिवस, २५ मे, राष्ट्रीय टॅप नृत्यदिन म्हणून जाहीर केला. रिचमंडमध्ये त्याचा पुतळा त्याआधीच, १९७३ मध्ये, उभा राहिला होता: अॅल्युमिनियमचा, जिना नाचत उतरणारा. तो ज्या चौकात आहे तिथे १९३३ मध्ये मुलांना रस्ता ओलांडणे धोक्याचे झाले होते, म्हणून रॉबिन्सनने स्वतःच्या पैशाने वाहतुकीचा दिवा बसवून दिला होता. त्याच शहरात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापती रॉबर्ट लीचा अश्वारूढ पुतळा १८९० च्या मे महिन्यात मोठ्या समारंभाने उभारला होता. रॉबिन्सनला बारावे वर्ष संपून चार दिवस झाले होते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ली घोड्यासह क्रेनने खाली उतरवला गेला. लेह आणि अॅडम्स रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा नाचणारा माणूस अजून तिथेच आहे.